दोन वर्षांची रेघ

“लहानपणीच सगळं बिघडलंय, आता त्याचं काय होणार?” हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. खरे सांगायचे तर एकदोनदा आमच्याही तोंडून गेले आहे. हल्ली त्याला मेंदूविज्ञानाचा दाखला जोडतात: पहिल्या दोन वर्षांत मायेचे माणूस मिळाले नाही तर मेंदूचे नुकसान कायमचे. हा दाखला बहुधा ज्या संशोधनावरून दिला जातो, त्याचा वृत्तान्त चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांच्या ‘रोमानियाज अबॅंडन्ड चिल्ड्रन’ (२०१४) या पुस्तकात आहे. ते खरोखर काय सांगते, हे पाहायला हवे.

रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ साली लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. ज्या घरांना मुले पोसवेनात, त्यांनी ती सरकारी संस्थांत ठेवली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा या संस्थांत लाखाहून अधिक मुले होती. ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी अंघोळ, आणि एका बाईकडे डझनभर बाळे. बाळ हुंकारले की कोणीतरी त्याच्याकडे पाहून बोलते, हसते, उचलून घेते. ही देवघेव दिवसातून शेकडो वेळा होते आणि तिच्यावरच मेंदूतील जोडण्या घडतात. इथे पोट भरत होते, ही देवघेव तेवढी नव्हती.

संस्थेतील मुले मागे पडतात हे पूर्वीही दिसले होते. पण मागे पडणारी मुलेच संस्थेत उरतात आणि चुणचुणीत मुले दत्तक जातात, असा आक्षेप घेता येत असे. बुखारेस्टच्या प्रयोगाने तो काढून टाकला. सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची निम्मी निम्मी विभागणी केली. ६८ मुले प्रतिपालक कुटुंबांत गेली आणि ६८ नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. तुलनेसाठी घरीच वाढणारी मुलेही घेतली. बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच, ती संशोधकांनी शोधून तयार केली. निम्मी मुले जाणूनबुजून संस्थेत ठेवली का, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. लेखक तो टाळत नाहीत. पुढे सरकारी योजनेतून घर मिळाले तर कोणत्याही मुलाला अडवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. आमचे पूर्ण समाधान झाले असे नाही, पण प्रश्नासाठी स्वतंत्र प्रकरण देण्याचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे.

साडेतीन वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यंक संस्थेतील मुलांचा ७७, कुटुंबात गेलेल्यांचा सुमारे ८६ आणि घरच्या मुलांचा १०३ होता. आठव्या वर्षी मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचे आलेख घरच्या मुलांसारखेच निघाले. मेंदूच्या चित्रांत मात्र करड्या भागाचे आकारमान दोन्ही गटांत कमीच राहिले. पांढरा भाग, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा, कुटुंबातील मुलांत बराच भरून निघाला होता. भीती व खिन्नता कमी झाली, अवधान टिकवण्याची अडचण मात्र जवळजवळ तशीच राहिली. वर्गशिक्षकाने हे शेवटचे ध्यानात ठेवावे. मूल आता चांगल्या घरात आहे, तरी एका जागी बसत नाही, म्हणजे ते लाडावले असे नव्हे.

आता आमची तक्रार. लेखक ‘संवेदनशील काळ’ असा सावध शब्द वापरतात, पण पुस्तक मिटल्यावर मनात राहते ती दोन वर्षांची रेघ. ही रेघ प्रयोगाच्या मुख्य निष्कर्षाइतकी पक्की नाही. मूल कुटुंबात जाणार की नाही, हे चिठ्ठीने ठरले होते. कोणत्या वयात जाणार, हे नव्हे. शिवाय उशिरा गेलेले मूल म्हणजे संस्थेत जास्त काळ काढलेले मूल. मग फरक वयाचा की मुक्कामाचा? रोमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या मायकेल रटर यांच्या अभ्यासात रेघ सहा महिन्यांवर पडली. बुखारेस्टमध्ये सहा महिन्यांखालचे मूल नव्हतेच, त्यामुळे तिथे ही रेघ तपासताच आली नसती. लवकर घर मिळणे चांगले, याबद्दल वाद नाही. पण दोन अभ्यासांत जी रेघ एका जागी राहत नाही, तिच्या आधाराने चौथीतल्या मुलाचा निकाल कसा लावायचा?

पुस्तकानंतर, २०१६ साली, याच मुलांचे बाराव्या वर्षाचे निष्कर्ष आले. पहिल्याच प्रतिपालक कुटुंबात टिकून राहिलेल्यांचा बुद्ध्यंक, घरे बदलावी लागलेल्यांपेक्षा चांगला होता. यातही चिठ्ठी नव्हती; अवघड मुलांचीच घरे जास्त बदलली असतील. तरीही कोणत्या वयात घर मिळाले, याइतकेच ते टिकले का, हेही विचारले पाहिजे.

पुस्तकात शाळेवर स्वतंत्र प्रकरण नाही, हे आम्हाला खटकले. ही मुले सहा-सात वर्षांची झाल्यावर दिवसाचे कित्येक तास कोणाबरोबर होती? तिथेही कोणीतरी त्यांच्याकडे पाहून बोलत होते, किंवा बोलत नव्हते. आपल्याकडे बाल न्याय कायद्यात (२०१५) प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. त्यातली मुले आपल्याच वर्गात बसतात. वर्षाच्या मध्यात वर्गशिक्षक बदलताना अशा मुलाचा विचार होतो का, हे आपापल्या शाळेत विचारून पाहण्यासारखे आहे.

पुस्तक इंग्रजीत आहे, आलेख पुष्कळ आहेत. सवड कमी असेल तर प्रतिपालक कुटुंबे कशी तयार केली, ते प्रकरण आधी वाचावे. मूल आपलेच समजून जीव लावा, असे त्या बायांना मुद्दाम सांगितले होते आणि अडचण आली की सामाजिक कार्यकर्त्या घरी येत होत्या. आलेखांकडे मग वळावे.