खर्ज कुठे ऐकू येतो?

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात मुरुडला एका हळदीला गेलो होतो. मंडपात ऑर्केस्ट्रा होता. दोन गायक, ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. बेस गिटार नव्हती. याच संचात पंधरा-सोळा वर्षे बेस वाजवलेले माझे एक ज्येष्ठ स्नेही त्या रात्री पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून जेवणाच्या पंगतीची वाट पाहत होते. मी संचाच्या चालकांना कारण विचारले. ते म्हणाले, "कीबोर्डवाला डाव्या हातानं देतो ना बेस. एक माणूस वाचतो. आणि बेसला कसला आलाय टोन, साहेब? धडधडलं म्हणजे झालं."

या एका वाक्याला उत्तर द्यायला मला दीड वर्ष लागले. मिळालेले उत्तर सर्वस्वी चालकांच्या विरोधात जात नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

पहिली अडचण शब्दांची. इंग्रजीत लिहिणारे वादक बेसच्या आवाजाला उबदार, मातकट, ठोसेबाज अशी विशेषणे सैल हाताने वाटतात. ती उचलून मराठीत आणली की वाचणाऱ्याच्या कानाशी काही पोहोचत नाही. आपल्याकडे मात्र याच कामाचे शब्द शतकानुशतके घासून तयार आहेत. तंबोऱ्याची जवारी, स्वराची आस, पखवाजाची थाप, खुला बाज आणि बंद बाज, डग्ग्याचा घिस्सा. आणि मुरुडमध्ये राहणाऱ्याला आणखी एक शब्द फुकट मिळतो, गाज. मराठी संगीत-समीक्षेने चाल, शब्द आणि गळा यांवर ग्रंथ लिहिले. साथीच्या खर्जावर तिने एक परिच्छेदही खर्च केलेला क्वचितच दिसतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, हे आज तरी काही रसिकांना माहीत असते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बहुधा संगीतकार, गीतकार आणि गायक एवढेच मावत.

आता वाद्याकडे. लिओ फेंडर हा अमेरिकेतला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली. नावातला 'अचूक' हा दावा पडद्यांचा होता. उभ्या डबल बेसवर सूर कानाने शोधावा लागे, इथे पडद्यामागे बोट ठेवले की सूर ठरलेला. सर्वांत जाड मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्‌झची, म्हणजे हवेत त्या स्वराची एक लाट सव्वाआठ मीटर लांबीची. १९५७ पासून या गिटारीचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. दोन्ही तुकड्यांची जोडणी परस्परविरुद्ध असल्यामुळे विजेचा गुणगुणाट आपापसांत मिटतो. शहरातल्या स्टुडिओत बसून ही बाब किरकोळ वाटेल. आमच्याकडे मंडपातली वायरिंग कशी असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वाटणार नाही. आपल्या विजेचा गुणगुणाट ५० हर्ट्‌झचा, म्हणजे पांढरी पाचच्या खालच्या सप्तकातल्या सुराला किंचित चढा लागून बसलेला. त्या पट्टीत गाणे असले की साऱ्या कार्यक्रमाला एक कणसूर तंबोरा लागल्यासारखे होते.

उसनवारी करून मी चार गिटारी जमवल्या. स्नेह्यांची प्रिसिजन घाटाची, पुण्याहून आणलेली जॅझ बेस, एका तरुणाची स्टिंगरे आणि व्हायोलिनच्या आकाराची, हॉफनरच्या घाटाची एक. पडवीत एकच अँप्लिफायर, एकच वादक आणि एकच ठेका ठेवला.

प्रिसिजनचा आवाज मधल्या पट्टीत बोलतो. तार छेडली की आधी थाप येते, मग आस. आणि आस फार लांबत नाही. पखवाजाच्या जवळचे हे वाद्य. हातालाही ते तसेच लागते. मूळ घाटात मानेची वरच्या टोकाची रुंदी पावणेदोन इंच, त्यामुळे पहिल्या दोन पडद्यांवर पंजा उघडूनच काम करावे लागते. जॅझ बेस १९६० ची. तिची मान वरच्या टोकाला दीड इंचाच्या आसपास, म्हणून बोटे पळतात. तिला दोन पिकअप आहेत. घोडीजवळचा एकटा चालू केला तर आवाजाला नाक येते, प्रत्येक सूर दाणेदार होतो. जॅको पास्टोरियसने पडदे काढून टाकलेल्या जॅझ बेसवर हाच पिकअप पुढे ठेवला. डग्ग्यावरचा घिस्सा ज्याला कळतो त्याला पास्टोरियस कळायला वेळ लागू नये. पण दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधली पट्टी पोकळ होते. पडवीत तो आवाज चौघांपैकी सर्वांत श्रीमंत वाटला. मी वहीत तिला पहिला क्रमांक देऊनही टाकला होता.

स्टिंगरे १९७६ ची, हीसुद्धा लिओ फेंडरच्याच हाताखाली घडलेली, म्युझिक मॅन या नव्या कंपनीत. हिच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते आणि ती खर्ज व तार दोन्ही टोके उचलून धरते. शीक या वृंदाच्या १९७९ च्या 'गुड टाइम्स'मध्ये बर्नार्ड एडवर्ड्‌सच्या हातात हीच होती. खणखणीत, थोडी उद्धट. नाचायला लावते यात शंका नाही, पण मला तासाभराने तिचा शीण येतो. हॉफनरच्या घाटाची गिटार आतून पोकळ, पॉल मॅकार्टनीने प्रसिद्ध केलेली. तिच्या तारेची बोलती लांबी ३० इंच, बाकीच्यांची ३४. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर तिच्यावरचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरतो. हे गणित बोटाला आधी कळते, कागदाला मागून. तार बोटाखाली मऊ लागते, सूर गोल आणि बसका येतो, आस लवकर विरते.

इथपर्यंतचे निष्कर्ष कुठल्याही शहरात निघाले असते. मग आम्ही तोच प्रयोग किनाऱ्यावरच्या सुरूंपाशी उघड्यावर केला, साथीला ढोलकी आणि कीबोर्ड घेऊन. पद्मदुर्गाच्या दिशेने भरतीचे पाणी चढत होते. पडवीत पहिली आलेली जॅझ बेस इथे चाळीस पावलांवर नाहीशी झाली. खोलीच्या भिंती खर्ज परतवून त्याला घुमारा देतात. उघड्यावर भिंती नाहीत. शिवाय समुद्राची गाज खालच्या पट्ट्या अगोदरच व्यापून बसलेली असते. मधली पट्टी पोकळ असलेला आवाज त्या गाजेत विरघळतो. प्रिसिजन मात्र सुरूंच्या पलीकडच्या रस्त्यावरही ओळखू येत होती. घरी रटाळ वाटलेली तिची मधली पट्टीच तिथे कामाला आली. वहीतला क्रमांक मी खोडला.

यातून जुनी गाणी मला नव्याने ऐकू आली. लहानपणी आम्ही जे ऐकले ते तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर. तो स्पीकर ४१ हर्ट्‌झ देऊच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे अंश, ८२, १२३, १६४ हर्ट्‌झचे, आणि त्यांच्यावरून कान गैरहजर असलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे माझ्या पिढीने कित्येक वर्षे जो खर्ज ऐकला तो बव्हंशी आपल्याच डोक्यात वाजत होता, आणि त्याला आधार देणारी गोष्ट एकच होती, वाद्याचा टोन. टोन नसता तर खर्ज आमच्या घरापर्यंत आलाच नसता. आज मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांची स्थिती वेगळी नाही.

चालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. वाद्ये एकेकटी ऐकवून नंतर मोबाइलवर तीच मुद्रणे लावली, तेव्हा शेजारच्या काकूंना चारांतला फरक सांगता आला नाही, आणि दोन मुद्रणांत मीही चुकलो. कीबोर्डचा बेसही वाईट नव्हता. बेस वाजवणाऱ्याच्या जागी यंत्र बसवण्याची कल्पना जुनीच आहे. रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र त्याच हेतूने निघाले. ते बेस गिटारीसारखे अजिबात वाजेना, म्हणून फसले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्रावर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती तेव्हा पडून राहिली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर वाखाणली गेली. यंत्राला गिटारीची नक्कल करायला न लावता त्याचा स्वतःचा आवाज वाजवल्यामुळे हे घडले. हळदीतला डावा हात मात्र नक्कलच करतो. तो सूर बरोबर देतो, पण सूर कुठे तोडायचा हे देत नाही. कोळीगीताच्या ठेक्यात ढोलकीच्या घुमाऱ्याला जागा करून द्यायची तर बेसने अर्धा क्षण आधी गप्प व्हावे लागते. स्नेही हे उजव्या तळहाताची कड घोडीवर टेकवून करतात. बंद बाजच तो. किल्ली सोडूनही सूर तोडता येतो, पण उजवा हात सुरावटीत गुंतलेला असताना डाव्याकडून ते होत नाही. तबला-पखवाजावर पोसलेल्या कानाला ही उणीव जाणवते. तिला नाव देता येत नाही, इतकेच.

तारांविषयी दोन शब्द. गोल तारेचा वेढा असलेली तार नवी असताना जवारी काढलेल्या तंबोऱ्यासारखी बोलते, पण तिच्या खाचांत घाम आणि खारी हवा जाऊन बसते. मुरुडला अशी तार पावसाळ्याच्या एका महिन्यात मुकी होते. काही वादक ती पाण्यात उकळून काढतात. चार दिवस गुण येतो, नंतर पुन्हा तेच. चपट्या वेढ्याची तार पहिल्या दिवसापासूनच जरा मुकी, पण मग वर्षानुवर्षे तशीच राहते. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनने तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत म्हणतात. त्याचे कारण काहीही असो, आमच्याकडे ते हवामानच ठरवते.

राहिला लाकडाचा वाद. मानेवरच्या पट्टीला वापरले जाणारे भारतीय रोजवुड म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीत वाढणारा. 'शिसवी पट्टीचा आवाज मऊ' असे छातीठोकपणे सांगितले जाते. पिकअप आणि तारा सारख्या असतील तर अँप्लिफायरमधून मला तो फरक कधी ऐकू आला नाही. मी त्याला श्रद्धा म्हणतो, आणि शिसवाचा अभिमान असूनही म्हणतो.

अपवाद एकच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. माडपोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत स्नेही संध्याकाळी पडवीत बसून गिटारीचे शिंग जुन्या शिसवी कपाटाला टेकवून वाजवत. कपाट तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम करी. वीज नसलेली बेस गिटार म्हणजे जवळजवळ मुका पाट, पण तो सूर त्या घराच्या जमिनीतून पायांना लागत असे, आणि त्यांची नात अंधारात गाणे ओळखून नाव सांगे.

गेल्या मार्गशीर्षात चालकांनी त्यांना एका कार्यक्रमापुरते बोलावले. त्यांनी चपट्या तारा चढवल्या, टोनची कळ अर्ध्यावर ठेवली आणि स्पीकर वाळूवरून उचलून लाकडी फळीवर ठेवायला लावला. चालकांनी मध्यंतरात येऊन एवढेच विचारले, "आज ढोलकी बदलली का?"