पहिल्या पानावरचा धप्पा

इंग्रजीतला ‘गॉचा’ मराठीत आणायचा झाला तर मला एकच शब्द सुचतो : ‘धप्पा!’ लपाछपीत चोरपावलांनी येऊन पाठीवर थाप मारताना ओरडतात, तो. ४ मे १९८२ रोजी लंडनच्या ‘द सन’ या टॅब्लॉइडने पहिल्या पानावर मोठ्ठ्या अक्षरांत हा एवढाच शब्द छापला. धप्पा दिला होता ‘काँकरर’ या ब्रिटिश पाणबुडीने, अर्जेंटिनाच्या ‘जनरल बेल्ग्रानो’ या क्रूझरला, दोन दिवस आधी. पाण्याखालून, न दिसता. म्हणजे शब्द भयंकर चपखल होता, हे मान्य करावं लागतं. माणसं मेली ३२३.

फॉकलंड युद्ध माझ्या जन्माच्या बरंच आधीचं. दक्षिण अटलांटिकमधल्या, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेल्या बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना अडीच महिने लढले. मला त्या युद्धात फारसा रस नव्हता. रस होता तो मथळ्यांत, कारण ते वाचून आधी हसू येतं आणि मग आपण नेमकं कशाला हसलो ते आठवून जरा कसंनुसं होतं.

‘सन’चे तेव्हाचे संपादक केल्विन मॅकेन्झी. २० एप्रिलला अर्जेंटिनाच्या तडजोडीच्या प्रस्तावाला त्यांच्या पेपराने पहिल्या पानावरून उत्तर दिलं. इंग्रजीत एक असभ्य सल्ला आहे, अमुक वस्तू अमुक ठिकाणी घाला असा. त्यातलं शेवटचं ठिकाण काढून तिथे ‘जंटा’, म्हणजे अर्जेंटिनावर राज्य करणारं लष्करी टोळकं, बसवलं. मी मराठी भाषांतर करून पाहिलं. संपादक छापणार नाहीत. पेपराने त्याचे टी-शर्टही विकायला काढले. मग एक क्षेपणास्त्र ‘प्रायोजित’ केलं आणि आपल्या बातमीदाराकरवी त्यावर अर्जेंटिनाचे अध्यक्ष गाल्तिएरी यांच्यासाठी शिवीवजा संदेश लिहवून घेतला. ‘प्रायव्हेट आय’ या व्यंगपत्राने चेष्टा म्हणून ‘सन’चा नकली मथळा छापला : एक अर्जेंटिनी मारा आणि मेट्रो गाडी जिंका. हे आपल्याला का नाही सुचलं, असं मॅकेन्झी म्हणाल्याचं सांगतात. ज्याचं विडंबन करायचं तोच विडंबनावर जळतो म्हटल्यावर विडंबनकाराने करायचं काय?

पण ‘गॉचा’कडे परत जाऊ. सगळी चर्चा त्या एका शब्दावर अडते. क्रूर आहे का, देशभक्तीचा आहे का, अभिरुचीला धरून आहे का. मला जास्त मजेशीर वाटली ती त्याच्याबरोबरची छोटी ओळ. तिचा मतलब असा : आपल्या पोरांनी गनबोट बुडवली आणि क्रूझरला भोक पाडलं.

गनबोट बुडाली नव्हती आणि क्रूझर बुडाली होती.

‘आल्फेरेस सोब्राल’ नावाची ती छोटी बोट क्षेपणास्त्रांनी फुटली, कप्तानासकट आठ जण गेले, पण ती रखडत बंदराला पोचली. ‘बेल्ग्रानो’ मात्र हजाराहून जास्त माणसं घेऊन समुद्रात गेली. ओळीत दोन दावे, दोन्ही उलटे. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन व्हेरिएबल्सची अदलाबदल. आणि तरी मथळा चालला! कारण ‘धप्पा’ला तपशिलाची गरजच नव्हती. कुठलंही जहाज, कितीही माणसं, शब्द तोच बसला असता. माझा या मथळ्यावरचा खरा आक्षेप हा आहे. तो क्रूर आहे हे दुय्यम. तो बातमी यायच्या आधीच तयार असतो.

त्या दिवसांत ‘सन’च्या पत्रकारांचा संप चालू होता आणि मोजके वरिष्ठ मिळून पेपर काढत होते. बळींची संख्या मोठी असू शकते हे कळल्यावर पुढच्या आवृत्त्यांत मथळा बदलला : १२०० अर्जेंटिनी बुडाले का? (‘अर्जेंटिनी’ माझा, त्यांचा शब्द हिणकसच होता.) हॉटफिक्स केला, पण आधीची आवृत्ती गाड्यांत चढून गेली होती. आज सगळ्यांना आठवते ती तीच. आणि दुसरा मथळासुद्धा मला नम्र वाटत नाही. आकडा अजून हाती नाही तर सगळ्यात मोठा घ्यायचा आणि पुढे प्रश्नचिन्ह लावायचं, ही युक्ती आपण रोज फोनवर बघतो.

त्याच ४ मे रोजी ब्रिटनच्या ‘शेफिल्ड’ या युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं. २० जण गेले.

समोरच्या बाजूला विनोद नव्हता, व्याकरण होतं. ‘हेन्ते’ या अर्जेंटिनी साप्ताहिकाने ६ मेच्या अंकावर छापलं : एस्तामोस गानान्दो, आम्ही जिंकत आहोत. २७ मेला : सेगिमोस गानान्दो, अजूनही जिंकत आहोत. तोवर ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरून आठवडा होत आला होता. अपूर्ण वर्तमानकाळाची ही कमाल. ‘जिंकलो’ म्हटलं की कोणीतरी पुरावा मागतो. ‘जिंकत आहोत’ हा ९९ टक्क्यांवर अडकलेला डाउनलोड आहे, तो खोटा ठरवता येत नाही. १४ जूनला अर्जेंटिनाच्या फौजेने शरणागती पत्करली. ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू जहाजाला जबर तडाखा दिल्याचाही अर्जेंटिनाचा दावा होता. ते सप्टेंबरात धडधाकट पोर्ट्समथला परतलं. (त्याची जोडीदार ‘हर्मीस’ पुढे आपल्याकडे आली आणि ‘विराट’ झाली. मुंबईकरांनी जिला बंदरात पाहिलं ती हीच.)

लष्करी सेन्सॉरशिपखाली छापणाऱ्या ‘हेन्ते’ला मी थोडी सूट देतो. ‘सन’ला देत नाही. त्यांच्या डोक्यावर बंदूक नव्हती. उलट युद्धाबद्दल शंका काढणाऱ्या वृत्तपत्रांना आणि बीबीसीला त्यांनी अग्रलेखातून देशद्रोही ठरवलं.

मे २०२५ मध्ये आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी रातोरात कराची बंदर उद्ध्वस्त केलं, तेव्हा मित्रांच्या ग्रुपवर सकाळपर्यंत मीम्स सुरू होते. कराची बंदर जागेवर होतं. मीही ते मीम्स पुढे पाठवले, आणि ते विनोदी होतेच. पण पूंछमध्ये त्याच दिवसांत तोफगोळ्यांनी माणसं मेली होती, आणि त्यांच्यावर मीम बनत नाही, त्यामुळे ती आमच्या ग्रुपवर आलीच नाहीत.

‘सन’ने बुडवलेली ती ‘सोब्राल’ दुरुस्त होऊन पुढे कित्येक दशकं अर्जेंटिनाच्या नौदलात चालत राहिली. तिचा फुटलेला ब्रिज, जिथे कप्तान उभा होता तो भाग, ब्वेनोस आयरेसजवळच्या टिग्रे इथल्या नौदल संग्रहालयात ठेवला आहे.