बिअरच्या कॅनची पट्टी आणि आपला मागचा ब्रेक

रॉबर्ट पर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (1974) मध्ये एक छोटा प्रसंग आहे. निवेदकाचा मित्र जॉन. त्याच्या बीएमडब्ल्यूचं हँडल ढिलं झालंय. निवेदक म्हणतो, बिअरच्या कॅनची पट्टी कापून फटीत घालू, घट्ट बसेल. जॉन दुखावतो. एवढ्या महाग गाडीला टाकाऊ डब्याचा पत्रा? पर्सिगचं निदान असं की, जॉनसारख्यांना यंत्र वापरायचं असतं, समजून घ्यायचं नसतं.

हे मी बदलापुरात वाचलं आणि हसलो. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात असा जॉन शोधून सापडणार नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं उल्हासनगर तर ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या विनोदासाठीच ओळखलं जातं. इथे पट्टी घालून वर एमसीलही लावतील. मग हे पुस्तक आपल्या कामाचं नाही?

आहे, पण उलट्या बाजूने वाचलं तर. पर्सिगची पट्टी जुगाड नाही. तो पत्रा मऊ आहे, गंजत नाही, हवा तेवढाच जाड आहे, हे सगळं पाहून त्याने तो निवडलाय. आपण ‘चालतंय ना’ म्हणून थांबतो. तो ‘का चालतंय’ इथपर्यंत जातो.

हा फरक मला ड्रम ब्रेकने शिकवला. मागच्या ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं की मी बिल्डिंगखाली गाडी डबल स्टँडवर लावून रॉडचा नट कसायचो. पेडल वर यायचं, मी खूश. दोन पावसाळे असंच. एकदा आई मागे बसलेली असताना ओल्या उतारावर गाडी थांबता थांबेना. थांबली, पण रिक्षाला जवळजवळ टेकून. दोष माझाच होता. नट कसल्याने पेडल वर येतं, झिजलेला लायनर जाड होत नाही. ड्रमच्या प्लेटवर खूण असते आणि ब्रेकच्या आर्मवर बाण. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला टेकला की लायनर संपला. टायरच्या खाचांत टीडब्ल्यूआयचे उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीला झिजला की बदलायचा. दोन्ही बघायला पानाही लागत नाही. मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

पुस्तकाबद्दलची माझी खरी तक्रारही मागच्या सीटवरूनच येते. पर्सिगच्या मागे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस बसलाय. निवेदक इंजिनाचा बारीकसा बदललेला आवाज टिपतो, पण मुलाचं पोट का दुखतं हे त्याला कितीतरी मैल उमगत नाही. शेकडो पानं ‘गुणवत्ते’वर बोलणाऱ्या माणसाची ही नजरचूक पुस्तकाला माहीत आहे, त्याची सगळी वेदना तिथेच आहे. पण निव्वळ ‘घरी बाईक दुरुस्त करण्याचं तत्त्वज्ञान’ म्हणून ते वाचणारे नेमका ख्रिसच गाळतात.

या रविवारी खाली जाल तेव्हा नट कसण्याआधी बाण बघा. आणि मागे कोण बसतं, तेही आठवा.