हिब्रूचा ओनामा आणि मराठी कान

बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा शिकणे हा केवळ धर्मोपदेशकांचा विषय, मराठी साहित्याशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. आम्हांस ती मान्य नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा. त्यानंतर वर्षभरातच डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत सांगणारे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध केले. ते होते कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी. पुढे त्याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट अशी जुनी आहे.

या वाटेवरील सर्वांत मोठे नाव पंडिता रमाबाईंचे. संस्कृतात वाढलेल्या या विदुषीने चाळिशी उलटल्यावर हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हाती घेतले. छपाईही तेथेच, आश्रमातील स्त्रियांच्या हातून झाली. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रकाशात आला. तो सामान्य स्त्रीला वाचता यावा, ही त्यांची कसोटी होती. म्हणून वेदान्ताच्या छटा असलेले जड संस्कृत शब्द टाळण्याकडे त्यांचा कल राहिला. संस्कृतावर असे प्रभुत्व असणाऱ्या व्यक्तीने असा संयम पाळावा, यातच त्यांच्या भाषांतरदृष्टीचे मर्म आहे.

नवशिक्यापुढील अडचणी कोणत्या? अक्षरे बावीस, लेखन उजवीकडून डावीकडे, आणि अक्षरे मुख्यतः व्यंजनांची. स्वरांची चिन्हे ख्रिस्तोत्तर पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात पाठरक्षक पंडितांनी जोडली. शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून फुटतात. पुण्याच्या विद्यार्थ्याला हे सारे परके वाटेल. हैदराबादच्या जुन्या मराठी घराला तितके वाटू नये. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम आरंभी उर्दू होते. त्या काळी शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना जेर-जबराविना वाचण्याची सवय होती आणि किताब, कातिब, मकतब ही एकाच मुळाची लेकरे आहेत, हे सांगावे लागत नसे. ‘लिहिणे’ या अर्थी हिब्रूतही ‘कातव’ आहे. ‘शालोम’ म्हणजे सलाम, ‘योम’ म्हणजे यौम, ‘रूअख’ म्हणजे रूह. अरबी ही हिब्रूची बहीण आणि उर्दूमार्गे तिचे कितीतरी शब्द आपल्या बोलीत घरचे झाले आहेत.

परंतु आमचा खरा आक्षेप येथूनच सुरू होतो. ओळखीचा शब्द दिसला की अर्थही ओळखीचा असणार, हा भ्रम घातक आहे. हिब्रू ‘होखमा’ म्हणजे शहाणपण. तिचीच आप्त असलेली ‘हिकमत’ मराठीत युक्तीवर, कधी लबाडीवरही येऊन थांबते. ‘नेफेश’ आणि ‘नफ्स’ यांचे मूळ एक. पण सूफींच्या बोलण्यात नफ्स म्हणजे आवरायची वासना, तर हिब्रूत नेफेश म्हणजे गळा, श्वास, प्राण, अख्खा जिवंत माणूस. तेथे ‘आत्मा’ लिहिला की देहापासून सुटणारे, अविनाशी असे काही मनात उभे राहते. मराठीतील ‘जीव’ मात्र चपखल बसतो: तो घाबरतो, तहानेने कासावीस होतो, जातोही.

उपदेशकाच्या ग्रंथातील ‘हेवेल’चेही तसेच. मूळ अर्थ वाफ, फुंकर. मराठीत ‘व्यर्थ’ हा शब्द रुळला. ‘व्यर्थ’ हा निकाल आहे, ‘हेवेल’ हे दृश्य आहे. वाफ दिसते, क्षणभर ऊबही देते, मुठीत मात्र येत नाही. निकाल ऐकून श्रोता मान डोलावतो. दृश्य पाहून विचारात पडतो.

मात्र धातूचा अर्थ म्हणजेच शब्दाचा खरा अर्थ, हेही सरसकट खरे नाही. जेम्स बार यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात हीच चूक उघड केली: अर्थ ठरतो तो वाक्यात, व्युत्पत्तीत नव्हे. वर्षभर हिब्रू शिकून व्यासपीठावर कोश उघडणाऱ्या उपदेशकाने हे विसरू नये. समोरच्या श्रोत्याला मूळ पाठ पडताळता येत नाही. तो विश्वासावर ऐकतो. म्हणून थोडे हिब्रू जाणणाऱ्याची जबाबदारी मुळीच न जाणणाऱ्याहून मोठी.

तरीही शिकावे, असेच आम्ही म्हणू. प्राथमिक हिब्रू नवा अर्थ सिद्ध करण्याइतके बळ देत नाही. पण हाती असलेल्या भाषांतराला प्रश्न विचारण्याचे धैर्य निश्चित देते. आणि तो प्रश्न मराठीत विचारता यावा, यासाठी उपदेशकाला हिब्रूइतकीच मराठीही मनापासून शिकावी लागेल. ‘आत्मा’ आणि ‘जीव’ यांतले अंतर ज्याच्या कानाला कळत नाही, त्याला ‘नेफेश’ कोणताही कोश शिकवू शकणार नाही.