हात लावू नये

नेपल्सच्या सानसेवेरो चॅपलमध्ये एक संगमरवरी ख्रिस्त निजलेला आहे. जुसेप्पे सानमार्तीनो या शिल्पकाराने तो १७५३ साली घडवला. क्रुसावरून उतरवलेल्या देहावर तलम कापड पांघरलेलं आहे आणि त्या कापडाखालून कपाळावरची फुगलेली शीर, नाकपुड्या, फासळ्या, खिळ्यांच्या जखमा सगळं दिसतं. देह आणि कापड, दोन्ही एकाच दगडातले. लोकांना हे इतकं अशक्य वाटलं, की चॅपलचा धनी रायमोंदो दी सांग्रो याने काही रसायन वापरून खऱ्या कापडाचा दगड केला, अशी दंतकथाच तयार झाली.

फेलीचे तालियाफेर्री या इटालियन शिल्पकारालाही तो ख्रिस्त पाहायचा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, त्यामुळे त्यांच्यासाठी पाहणं म्हणजे हात लावणं. ती परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी स्वतःच संगमरवरात दुसरा ख्रिस्त कोरला. मूळ शिल्पाचं नाव ‘क्रिस्तो व्हेलातो’, म्हणजे झाकलेला ख्रिस्त. यांनी आपल्या शिल्पाला नाव दिलं ‘क्रिस्तो रिव्हेलातो’. इटालियनमध्ये त्याचे दोन अर्थ निघतात: पुन्हा झाकलेला आणि प्रकट झालेला. या ख्रिस्ताला कुणीही हात लावू शकतं. त्यासाठीच तो घडवला आहे.

ही हकिकत जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ती बहुधा इथेच संपते. अंध माणसाने संगमरवर कोरला, टाळ्या. माझी तक्रार या टाळ्यांबद्दल आहे, कारण त्या शिल्पाला मिळत नाहीत, अंधत्वाला मिळतात. हेही जुनंच आहे. सतराव्या शतकात टस्कनीत जोव्हान्नी गोनेल्ली नावाचा शिल्पकार होऊन गेला, ‘गांबासीचा आंधळा’ म्हणून प्रसिद्ध. तो मातीत माणसांचे हुबेहूब चेहरे घडवायचा. त्याची एक गोष्ट सांगतात. तो खरंच आंधळा आहे का, असा लोकांना संशय आला, म्हणून त्याला अंधाऱ्या तळघरात बसवून काम करायला लावलं. तो उत्तीर्ण झाला. परीक्षा शिल्पकाराची झाली, शिल्पाची झालीच नाही. आजही आपण गोनेल्लीच्या तळघराबाहेरच उभे असतो.

शिल्पाची परीक्षा घ्यायची, तर पहिला प्रश्न कापडाचा आहे. सानमार्तीनोची सगळी करामत डोळ्यांसाठी आहे. कापड पारदर्शक वाटतं, ते घडीच्या कडेवर पडलेल्या उजेडामुळे आणि खोलगटीतल्या सावलीमुळे. हाताला उजेड लागत नाही. बोट नाकावरून फिरलं, तर त्याला आधी कापड आणि मग नाक असं लागणार नाही; एकच गार, टणक पृष्ठभाग लागेल. मग हातासाठी घडवलेल्या शिल्पात पांघरुणाला अर्थ काय?

अर्थ आहे, पण तो वेगळा आहे. झोपलेल्या मुलाला ताप आहे का, हे आई चादरीवरूनही चाचपते. कापडाखालचं हाड, खांदा, गुडघा हाताला नीट कळतो. म्हणजे हातालाही आरपार जाता येतं, फक्त ते दाबातून आणि उंचसखलपणातून. यासाठी घडीला जाडी हवी. फोटोंमध्ये पाहिलं, तर तालियाफेर्रींच्या कापडाला सानमार्तीनोचा तलमपणा नाही. डोळा याला उणेपणा म्हणेल. बोटाच्या दृष्टीने मात्र तलमपणाच निरुपयोगी. जी घडी बोटाला अडत नाही, ती बोटासाठी नाहीच.

‘बोटाच्या दृष्टीने’ असं मी आत्ता लिहून गेलो. समीक्षेची भाषा अशीच आहे: दृष्टिकोन, निरीक्षण, पुनरावलोकन. स्पर्शासाठी तिच्याकडे शब्द नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. मराठीत ते ढिगाने आहेत. राठ, चरबट, रवाळ, भरड, बुळबुळीत, लुसलुशीत, मऊसूत. आपण ते स्वयंपाकघरात आणि कापडाच्या दुकानात वापरतो, कलादालनाच्या दारात मात्र चपलांसारखे काढून ठेवतो.

हात लावू न देण्यामागचं कारण खोटं नाही, हेही मान्य करायला हवं. स्पर्शाने दगड झिजतो. पंढरपूरला मुखदर्शनाची वेगळी सोय असूनही माणसं पदस्पर्शासाठी तासन्‌तास रांगेत उभी राहतात. आणि मूर्तीची झीज होते म्हणून वज्रलेपाचा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. २०२४ साली मंदिराच्या जतनाच्या कामासाठी पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद होतं. पण तिथे स्पर्शाचं मोल मान्य करून मग जपणुकीचा विचार होतो. संग्रहालयात सुरुवातच ‘हात लावू नये’पासून होते, आणि ती पाटी कुणासाठी दार कायमचं बंद करते, याचा विचार क्वचितच होतो.

इटलीतच आल्दो ग्रासीनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध जोडप्याने तो केला. त्यांच्या पुढाकाराने १९९३ साली आंकोना शहरात ‘ओमेरो’ हे स्पर्श-संग्रहालय उभं राहिलं. १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. तिथे प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृती हाताळता येतात. प्रतिकृतीतून आकार कळतो, पण प्लॅस्टर संगमरवरासारखा गार लागत नाही. मृतदेहाच्या शिल्पात तो गारवा किरकोळ नाही. तालियाफेर्रींचा ख्रिस्त संगमरवराचा आहे, हे म्हणूनच महत्त्वाचं.

तरी एक शंका उरते. ज्या शिल्पाची कीर्ती डोळ्याला फसवण्यावर उभी आहे, त्यालाच उत्तर द्यायला निघाल्यामुळे हे शिल्प आयुष्यभर त्याच्याशी बांधलं गेलं. त्याचं नावसुद्धा मूळ नावावाचून उलगडत नाही. निषेध म्हणून ते चोख आहे. पण हाताने घडवलेल्या आणि हातानेच वाचायच्या शिल्पाला डोळ्यांचा आदर्श कशाला हवा? हाताला शिल्प एकदम अख्खं मिळत नाही. ते तुकड्यातुकड्याने मिळतं आणि शेवटी मनात जुळतं. त्याला ठरलेली पुढची बाजू नसते. या क्रमातूनच रचना सुचलेलं शिल्प कसं असेल, हे मला तालियाफेर्रींच्या ख्रिस्ताहून अधिक जाणून घ्यायचं आहे.

ही शंका मी फोटो पाहून घेतो आहे. तालियाफेर्री सानमार्तीनोच्या ख्रिस्तासमोर जसे हात मागे घेऊन उभे राहिले, तसाच मी त्यांच्या ख्रिस्तासमोर उभा आहे. फरक इतकाच, की मला कुणी अडवलेलं नाही. तेव्हा हा लेख अर्धाच धरावा. उरलेला अर्धा, ज्याने त्या घड्यांवरून हात फिरवला आहे, त्याने लिहावा. आणि त्याला ते शिल्प आवडलं नाही, तर तसंही बेलाशक लिहावं.