‘स्थानिक वास्तववाद’ : एका समासाची चिकित्सा

पुंजयामिकीच्या पायाभूत प्रश्नांविषयी मराठीत जे लेखन होते त्यात ‘स्थानिक वास्तववाद’ हा शब्दप्रयोग आढळतो. आलँ अस्पे, जॉन क्लाउझर व अँटोन त्सायलिंगर यांना २०२२ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून ‘स्थानिक वास्तववाद प्रयोगाने खोटा ठरला’ हे विधानही वारंवार कानी पडते. त्यापुढची पायरी म्हणजे ‘वास्तव असे काही नाहीच, हे विज्ञानाने सिद्ध केले’ हा निष्कर्ष. प्रस्तुत टिपणाचा हेतू भौतिकीत भर घालण्याचा नाही. हा निष्कर्ष प्रयोगातून निघत नसून समासाच्या चुकीच्या विग्रहातून निघतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम घटकपदे पाहू. ‘स्थानिक’ म्हणजे त्या गावचा, हा अर्थ स्थानिक वृत्तपत्र, स्थानिक स्वराज्य अशा प्रयोगांनी दृढ झालेला आहे. ‘वास्तववाद’ ही तर वाङ्मयसमीक्षेची संज्ञा. जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे व त्यांचा देशीवाद ज्याच्या परिचयाचा आहे, अशा खानदेशी विद्यार्थ्याला ‘स्थानिक वास्तववाद’ हे ग्रामीण कादंबरीचे लक्षण वाटले, तर दोष त्याचा नव्हे.

मूळ प्रश्न उदाहरणाने स्पष्ट होईल. एक विद्यार्थी जळगावला व दुसरा धुळ्याला बसविला आहे अशी कल्पना करू. प्रत्येकाला ठरलेल्या तीन प्रश्नांपैकी कोणताही एक विचारावयाचा. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. ते तोडण्यास प्रकाशालाही सुमारे ०.०००३ सेकंद लागतो. त्याहून कमी अवधीत दोन्हीकडे प्रश्नोत्तर उरकले, तर निरोप पोचणे शक्य नाही. तरीही एकच प्रश्न विचारला असता दोघांची उत्तरे नेहमी जुळतात. मग आपण म्हणतो : उत्तरे आधीच ठरलेली असली पाहिजेत. परंतु उत्तरे तीन आणि प्रकार दोनच. म्हणजे त्यांतील निदान दोन उत्तरे सारखी असणारच. तेव्हा प्रश्नांची निवड यदृच्छेने होत असेल, तर निरनिराळे प्रश्न विचारले असताही सरासरीने निदान एकतृतीयांश वेळा उत्तरे जुळली पाहिजेत. परस्परगुंफित प्रकाशकणांच्या जोड्यांना एकमेकांशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या तीन दिशांच्या ध्रुवकांनी असेच ‘प्रश्न’ विचारले, तर पुंजयामिकीनुसार हे प्रमाण केवळ एकचतुर्थांश येते. जॉन बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयाचे मर्म ते हेच. १९७२ मध्ये क्लाउझर व फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये अस्पे यांनी आणि २०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावर झालेल्या या जातीच्या प्रयोगांनी कौल पुंजयामिकीच्या बाजूने दिला.

आता विग्रह करू. ‘स्थानिकता आणि वास्तववाद’ असा द्वंद्व मानला, तर दोन स्वतंत्र गृहीतके होती व त्यांपैकी कोणतेही एक टाकून दुसरे राखता येते, असा समज होतो. परंतु वरील युक्तिवादात ‘उत्तरे आधी ठरलेली होती’ हे आपण गृहीत धरले नव्हते. जुळणारी उत्तरे व निरोपाचा अभाव यांवरून ते निष्पन्न झाले. आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांच्या १९३५ च्या निबंधाची दिशा हीच होती, आणि बेल यांनीही पुढे या क्रमावर भर दिला. जे निष्पन्न आहे त्याला गृहीतकाच्या पंक्तीत बसविणे हा तर्कदोष होय.

प्रतिपक्षाची बाजूही उपेक्षणीय नाही. प्रयोगाच्या मांडणीपासून अलग काढून गुणधर्माविषयी बोलताच येत नाही, असे नील्स बोर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. निश्चित भाकीत करता येते म्हणून तेथे निश्चित काही असलेच पाहिजे, ही पायरीच त्यांना मान्य नाही. ही भूमिका सुसंगत आहे. मात्र ती तत्त्वज्ञानातील निवड आहे, प्रयोगाचा निर्णय नव्हे. याचा पुरावा म्हणजे डेव्हिड बोम यांचा १९५२ चा सिद्धांत. त्यात कणांना सदैव निश्चित स्थाने असतात, आणि तरीही पुंजयामिकीची प्रचलित भाकितेच मिळतात. किंमत एकच : दूरच्या घटनेचा प्रभाव तत्काळ मानावा लागतो. असा सिद्धांत उभा असता ‘वास्तव खोटे ठरले’ असे म्हणता येत नाही.

‘स्थानिकता’ या पदातही दोन अर्थ एकवटले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनी १९९१ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच संदेशांची स्थानिकता आणि आइन्स्टाइन-बेल स्थानिकता यांचा पृथक् निर्देश केला. पुंजयामिकी दुसरीचा भंग करते, पहिलीचा नाही. आपल्या उदाहरणात धुळ्याला कोणताही प्रश्न विचारला, तरी जळगावच्या ‘होय’ व ‘नाही’ यांचे प्रमाण निम्मेनिम्मेच राहते. म्हणून या मार्गाने निरोप धाडता येत नाही. एकाच शब्दाने दोन्ही सांगू गेल्यास प्रकाशाहून वेगवान तारायंत्राची स्वप्ने पडू लागतात.

यास्तव सुचवावेसे वाटते की, पहिल्या अर्थी ‘संदेशमर्यादा’, दुसऱ्या अर्थी ‘सान्निध्यतत्त्व’ आणि ‘वास्तववादा’च्या जागी, जेथे तेवढेच अभिप्रेत असेल तेथे, ‘पूर्वनिश्चितता’ असे शब्द योजावेत. याहून चांगले शब्द कोणी सुचविले तर आनंदच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा विश्वकोशकार धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरला जन्मला, आणि शब्दाच्या मुळाशी जाण्याचा राजवाड्यांचा हट्ट धुळ्याला परिचित आहे. भौतिकी मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परिभाषाच पाठ्यपुस्तकाआधी तत्त्वज्ञान शिकवू लागली, तर ते तत्त्वज्ञान त्याने निवडलेले नसते. ते त्याच्यावर समासाने लादलेले असते. ते टाळणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे.