'अंधाधुन': पाहिलेलं, ऐकलेलं आणि धरून चाललेलं

पेटची तयारी करणाऱ्यांना प्राथमिक आणि दुय्यम साधनांच्या व्याख्या पाठ असतात. अडचण येते ती प्रत्यक्ष कामात. समोरचा मजकूर म्हणजे घडलेली गोष्ट, की कुणीतरी सांगितलेली गोष्ट, हे पटकन ओळखता येत नाही. आज हा फरक एका सिनेमातून समजून घेऊ. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' ५ ऑक्टोबर २०१८ ला आला. मी तो बराच उशिरा, इथे गडहिंग्लजमध्ये लॅपटॉपवर पहिल्यांदा पाहिला. तुम्ही पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे.

गोष्ट पुण्यात घडते. आकाश (आयुष्मान खुराना) पियानो वाजवतो. काळा चष्मा आणि हातातली काठी बघून आपण त्याला आंधळा धरून चालतो. थोड्याच वेळात कळतं की त्याला दिसतं, हे सोंग आहे. पुढे प्रमोद सिन्हा हा जुना नट त्याला घरी वाजवायला बोलावतो. दार त्याची बायको सिमी (तब्बू) उघडते. आत जमिनीवर सिन्हाचं प्रेत, बाथरूममध्ये पिस्तूल घेतलेला तिचा प्रियकर. आकाशला सगळं दिसतंय आणि बोटं थांबवता येत नाहीत. त्याच्या समोर दोघं आवाज न करता प्रेत हलवतात, रक्त पुसतात. गंमत म्हणजे आपण हसतोही. नंतर तक्रार द्यायला तो पोलीस स्टेशनात जातो, तर समोरचा इन्स्पेक्टर म्हणजे तोच प्रियकर.

हा प्रसंग थरारक का होतो? आपल्यापासून काही लपवलंय म्हणून नाही. आपल्याला जे माहीत आहे ते सिमीला माहीत नाही, म्हणून. कोणाला काय आणि कधी माहीत होतं, हा संशोधनातलाही पायाभूत प्रश्न आहे.

आणखी एक बारकावा बघा. सिन्हाची भूमिका अनिल धवन यांनी केली आहे आणि सिन्हाचे जुने सिनेमे म्हणून दिसतात ते धवन यांच्याच सत्तरच्या दशकातल्या सिनेमांचे तुकडे. म्हणजे साधन अस्सल, पण संदर्भ बनवलेला. दप्तरात असं साधन हाती आलं तर आपण काय करू?

आता शेवट. सिमी आकाशला खरोखर आंधळा करते. मग अवयव विकणारा डॉक्टर स्वामी येतो. सिमी गाडीच्या डिकीत, डॉक्टर आणि आकाश पुढे. इथे सिनेमा थेट दोन वर्षं पुढे युरोपात उडी मारतो. तिथे आकाश सोफीला (राधिका आपटे) पुढचं सांगतो: सिमीने आपल्याला गाडीने उडवायचा प्रयत्न केला, शिकाऱ्याच्या गोळीतून उसळलेला ससा काचेवर आदळला, गाडी उलटली, सिमी गेली. नंतर आकाश रस्त्याने चालतो आणि वाटेतला डबा काठीने अचूक उडवतो.

पहिल्यांदा बघताना हे सगळं आपण 'पाहिलेलं' म्हणून घेतो. पण ससा आदळला तेव्हा आकाश आंधळा होता. मग तो ससा त्याला कसा कळला? काठीच्या मुठीवर सशाचं डोकं आहे, तिथूनच गोष्ट सुचली असेल का? उलट बाजूने, सिनेमाच्या अगदी सुरुवातीला ससा आणि शिकारी दिसतात, तेव्हा कुणी काही सांगत नसतं. मग ससा खरा धरायचा का? पुरावा एकच आणि वाचनं दोन.

इथे घाई करू नका. डबा उडाला यावरून आकाशला दिसतं एवढंच ठरतं. त्याने सिमीचे डोळे घेतले, हे त्यावरून ठरत नाही. ते आपण जोडतो. प्रबंधात सर्वांत जास्त चुका याच जोडणीत होतात.

सिनेमाचे दोषही सांगायला हवेत. उच्चभ्रू फ्लॅटमधलं देखणं पुणं आणि त्याखालचा अवयवांचा घाणेरडा बाजार हा विरोध छान जमलाय, पण उत्तरार्धात योगायोगांची गर्दी होते. पहिल्या तासातली घट्ट वीण तिथे सैल पडते. चाहते म्हणतात, "आकाश खोटं बोलतोय ना, म्हणून ते तसं आहे." मला हे पटत नाही. एक तर युरोपाच्या आधीचे बरेच योगायोग कॅमेरा स्वतः दाखवतो. दुसरं, जो सिद्धांत प्रत्येक दोषाला उत्तर देतो, तो तपासायचा कसा? असा सिद्धांत सिनॉप्सिसमध्ये मांडलात तर मार्गदर्शक पहिल्याच भेटीत अडवतील, आणि अडवायलाच हवं.

तरीही सिनेमा मोठा वाटतो, कारण शेवटच्या काही मिनिटांत तो प्रेक्षकाला परीक्षक करून सोडतो. आपण दोन तास कोणाच्या भरवशावर होतो, हे आपल्यालाच तपासावं लागतं.

एक करून बघा. न पाहिलेला कुठलाही रहस्यपट लावा, वहीत तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, धरून चाललो. थांबून थांबून नोंदी करा. पहिलं बघणं एकदाच मिळतं. नंतर शेवट माहीत असतो आणि आठवण आपोआप त्याला जुळवून घेते. म्हणून नोंद त्याच वेळी हवी. मुलाखती घेताना, जुनी पत्रं वाचताना हेच तीन रकाने वापरा. तिसरा रकाना बहुतेक वेळा सर्वांत लांब निघतो.